अकराची वाटी

आमच्या बेकोजीत सूर्य उगवतो तेव्हा बारा वाजतात.
घाबरण्यासारखं काही नाही त्यात,
दिवस तिथून मोजायला घेतात, इतकंच.

बाराला तेगेन्ये सरांची शिट्टी, निलगिरीच्या रानापाशी.
म्हणजे अकराला वाटी.
अकरा म्हणजे अकरा.
साडेअकराला खाल्लेलं चढावर सोबत येतं,
बरगडीखाली बसून.
दहाला खाल्लेलं अर्ध्या वाटेत उतरून जातं
पैसे न देता.

दोन मुठी बेसो, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ,
बोटाला चिकटेल एवढा मध, मिठाची कणी,
पाणी कोमट.
गुठळी राहिली तर बिर्तुकान ती जिभेवर धरते
आणि माझ्याकडे नुसती बघते.
बिर्तुकान म्हणजे संत्रं.
ती पोटात असताना आईला डोहाळे लागले होते,
आणि त्या महिन्यात बाजारात एकही नव्हतं.

हे सगळं मला माझ्याच पोटाने शिकवलं.
सतरा वर्षांची होते, निवडीची शर्यत,
आणि शेजारच्या झेनेबेचने मायेने वाढलेलं शिरोचं कालवण,
वर दोन अख्ख्या इंजेरा. नाही म्हणवेना.
तिसऱ्या फेरीत वळणावर
ती सगळी माया लाल मातीवर आली.
मागची मुलगी तिच्यावरून उडी मारून पुढे गेली,
चांगली उडी होती.
सर ओरडले नाहीत.
पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं
आणि माझ्या नावावर रेघ ओढली.

आता मी बसथांब्यावर पाव विकते. बरं चाललंय.
पोरं येतात, विचारतात, किती आधी खाऊ, काय खाऊ?
सल्ला फुकट देते. पावाचे पैसे घेते.

मग हुदादे आला, पंचावन्न दिवसांचा उपास.
दूध गेलं, लोणी गेलं, अंडं गेलं.
त्याचं काही नाही, सातू चालतो.
पण आईचा उपास काय खायचं एवढ्यावर थांबत नाही,
केव्हा, तेही विचारतो.
दुपारी नऊ वाजेपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

पहिल्या शुक्रवारी बिर्तुकान तशीच गेली.
पोटात कावळे आधी ओरडले, मग गप्प झाले,
ते गप्प झाले की जपायचं असतं, तिला ठाऊक नव्हतं.
टेकडी पांढरी दिसायला लागली.
ती खाली बसली एका गाढवाशेजारी,
त्याच्या पाठीवर सातूची दोन पोती.
हे तिने मला हसत हसत सांगितलं.
आईने ऐकलं, शेगडीकडे तोंड करून.

आज उठले तर कोळसे पेटलेले.
वाटी तयार. आईच्या नखांत पीठ.
अंगावर पांढरी नेतेला, चर्चला निघालेली.
म्हटलं, आई, आज बुधवार.
"वाजले किती?"
"अकरा."
"मग अजून मंगळवारच आहे.
बारा वाजले की बुधवार."
आणि पायरीवर थांबून, मागे न वळता,
"मी आज नऊला सोडणार नाही. दहाला सोडीन."

कोणाचा तास कोणाच्या खात्यात, मी विचारलं नाही.

बिर्तुकानने वाटी संपवली. गुठळी नव्हती.
लगेच बूट बांधायला वाकली, तिला म्हटलं, थांब.
घासाचा पाय व्हायला तास लागतो.
मग दोघी उंबऱ्यावर बसलो, काहीएक न करता.
सरावातला हा सगळ्यात अवघड भाग,
सरांच्या वहीत तो कुठेच नाही.
एक कुत्रं आलं, वास घेऊन गेलं.
समोरच्या घरात कोणीतरी खोकलं.
वाटीच्या तळाला राहिलेलं मी बोटाने चाटलं.
मीठ विसरली होती आई.
चाटलं तरी चालतं,
मला कुठे धावायचंय.